विश्लेषण : वीज एकाची, तारा दुसऱ्याच्या, खर्च कुणाचा?

मुंबईच्या उपनगरांत एकाच इमारतीतले दोन शेजारी दोन वेगळ्या कंपन्यांची वीजबिले भरताना दिसतात. एकाचे बिल अदानीचे, दुसऱ्याचे टाटा पॉवरचे. पण अनेक ठिकाणी दोघांच्याही घरात येणारी केबल एकच असते. ही केबल टाकण्याचा खर्च कोणी करायचा, तो कोणाकडून आणि किती वसूल करायचा, यावरून वीज कंपन्यांमध्ये गेली दीड दशके वाद सुरू आहेत. आयोग, अपिलीय न्यायाधिकरण आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या या भांडणाचा शेवट ग्राहकाच्या बिलातच होतो. तो कसा, हे समजून घेऊ.

तारांचा खर्च वसूल कसा होतो?

उपकेंद्र, रोहित्र, खांब, भूमिगत केबल यांवर कंपनी आधी स्वत: पैसे घालते. साधारणपणे ७० टक्के रक्कम कर्जाची आणि ३० टक्के भागभांडवलाची धरली जाते. राज्य वीज नियामक आयोगाने खर्च मंजूर केला की घसारा, कर्जावरील व्याज, भागभांडवलावरील परतावा आणि देखभाल या रूपात तो पुढील अनेक वर्षे ग्राहकांकडून वसूल होतो. वीजबिलात ‘वहन आकार’ अशी जी ओळ दिसते, ती याच वसुलीचा भाग आहे.

यातून दोन गोष्टी घडतात. मंजूर गुंतवणुकीवर परतावा मिळत असल्याने तारा टाकण्याचे काम आपल्यालाच मिळावे, असे प्रत्येक कंपनीला वाटते. आणि एका जाळ्यावरचे ग्राहक कमी झाले, तर उरलेल्यांवरचा बोजा वाढतो. बहुतेक वादांचे मूळ या दोन गोष्टींत आहे.

मुंबईत वाद कशामुळे पेटला?

मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत पूर्वीची बीएसईएस, म्हणजे नंतरची रिलायन्स आणि २०१८ पासूनची अदानी, तर पूर्व उपनगरांच्या काही भागांत महावितरण वीजपुरवठा करते. टाटा पॉवर प्रामुख्याने या कंपन्यांना घाऊक वीज आणि मोठ्या उद्योगांना थेट वीज देत असे. टाटाला किरकोळ ग्राहकांनाही वीज देता येईल का, हा प्रश्न न्यायालयात गेला. ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपिलीय न्यायाधिकरणाचा निकाल फिरवून टाटाच्या बाजूने कौल दिला.

अधिकार मिळाला, पण उपनगरांत घराघरांपर्यंत पोहोचणारे जाळे टाटाकडे नव्हते. ते रिलायन्सकडे होते.

‘चेंजओव्हर’ म्हणजे काय?

यावर आयोगाने ऑक्टोबर २००९ मध्ये तोडगा काढला. ग्राहकाने वीज टाटाची घ्यावी, ती रिलायन्सच्याच तारांवरून यावी आणि त्या तारांच्या वापराबद्दल रिलायन्सला वहन आकार मिळावा, अशी ही व्यवस्था. तिला ‘चेंजओव्हर’ म्हणतात. नव्या कंपनीच्या स्वत:च्या तारांवर जाणे म्हणजे ‘स्विचओव्हर’.

तेव्हा टाटाची वीज स्वस्त असल्याने काही लाख ग्राहक तिकडे गेले. तारांचा खर्च वहन आकारातून निघत होता, पण एक प्रश्न उरला. जास्त वीज वापरणारे ग्राहक चढा दर भरतात आणि त्यातून कमी वापर असलेल्यांचा दर खाली ठेवला जातो. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. टाटा नेमके मोठे ग्राहक निवडून घेते आणि लहान ग्राहक आपल्याकडे ठेवते, अशी रिलायन्सची तक्रार होती. मग २०११ मध्ये आयोगाने स्थलांतर केलेल्या ग्राहकांवर क्रॉस सबसिडी अधिभार लावला. स्वस्त विजेसाठी कंपनी बदललेल्यांच्या बिलात त्यामुळे नव्या आकाराची भर पडली.

टाटाने स्वत:च्या तारा का टाकल्या नाहीत?

वीज कायदा २००३ च्या कलम १४ नुसार एकाच क्षेत्रात दुसऱ्या कंपनीला परवाना मिळू शकतो, पण तिने स्वत:च्या वितरण यंत्रणेद्वारे वीज द्यावी, अशी अट आहे. त्यामुळे टाटाने जाळे उभारणे अपेक्षितच होते. २०१२ मध्ये आयोगाने ११ विभागांत ते एका वर्षात उभारण्याचा आदेश दिला आणि नव्या चेंजओव्हरला महिना ३०० युनिटपर्यंतच्या ग्राहकांपुरती मर्यादा घातली.

अडचण अशी, की रस्ता एकच, इमारत एकच. तेथे दुसरी केबल टाकायची तर रस्ता पुन्हा खोदावा लागतो, उपकेंद्राला पुन्हा जागा शोधावी लागते. शिवाय दोन्ही जाळ्यांचा खर्च तेवढ्याच ग्राहकांकडून वसूल होतो. म्हणूनच अपिलीय न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये आयोगाचे निर्बंध बाजूला सारताना, पुरवठ्याची विश्वासार्हता वाढेल आणि ग्राहकांचा फायदा होईल अशाच ठिकाणी समांतर जाळे टाकावे, अशी भूमिका घेतली.

बेस्टच्या भागात चित्र वेगळे आहे. बेस्ट ही स्थानिक प्राधिकरणाची संस्था असल्याने तिच्या तारा दुसऱ्या कंपनीला वापरू देण्याचे बंधन कायद्याने तिच्यावर घातलेले नाही. तेथे वीज द्यायची तर टाटाने स्वत:चे जाळे टाकावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले.

मोठ्या वाहिन्यांचा खर्च कोण भरतो?

वीज केंद्रांपासून शहरांपर्यंत येणाऱ्या अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांचा हिशेब निराळा आहे. महाराष्ट्रात महापारेषण, टाटा, अदानी आणि इतर पारेषण कंपन्यांचा मंजूर खर्च एकत्र केला जातो. ही एकूण रक्कम महावितरण, बेस्ट, टाटा, अदानी आदी वितरण कंपन्यांत त्यांच्या कमाल मागणीच्या प्रमाणात वाटली जाते. राज्याची सर्वाधिक मागणी महावितरणची, म्हणून सर्वांत मोठा वाटाही तिचाच.

याचा अर्थ, मुंबईसाठी बांधलेल्या वाहिनीच्या खर्चाचा काही भाग नांदेड किंवा गडचिरोलीतल्या ग्राहकाच्या वीजदरातही मिसळतो. तसेच विदर्भातल्या वाहिनीच्या खर्चाचा भाग मुंबईकर भरतो. ग्रिड एक आहे, एका भागातला बिघाड दुसऱ्या भागाला भोवतो, हा या पद्धतीच्या बाजूचा युक्तिवाद. ज्याला थेट लाभ त्याने जास्त भरावे, हा विरोधी युक्तिवाद.

ग्रिडचा मुद्दा १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईने अनुभवला. कळवा परिसरातील पारेषण यंत्रणेतील बिघाडानंतर मुंबई आणि आसपासचा वीजपुरवठा खंडित झाला, लोकल जागीच थांबल्या. बाहेरून मुंबईत वीज आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या असल्याचे तेव्हा ठळकपणे समोर आले. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी वर्षानुवर्षे रखडली होती. ती २०२३ मध्ये सुरू झाली.

एचव्हीडीसी वाहिनीचा वाद काय होता?

कुडूस ते आरे अशी सुमारे ८० किलोमीटरची, १००० मेगावॉट क्षमतेची एकदिश प्रवाहाची वाहिनी आयोगाने २०२१ मध्ये अदानी समूहातील कंपनीला दिली. प्रकल्पाचा खर्च सुमारे ७ हजार कोटी रुपये. काम स्पर्धात्मक निविदेने न देता खर्चावर आधारित दरपद्धतीने दिल्याला टाटा पॉवरने आव्हान दिले. खर्च सर्वांत वाटला जाणार असेल, तर तो निविदेतून कमीत कमी ठरावा, हा या वादातला कळीचा मुद्दा. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटाचे अपील फेटाळले. निविदा पद्धतच वापरावी असे कायदा सांगत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र दरनिश्चितीबाबतचे नियम तीन महिन्यांत करण्याचे निर्देशही सर्व राज्य आयोगांना दिले.

आता हा प्रश्न मुंबईबाहेर का?

अदानीने २०२२ मध्ये भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या महावितरणच्या पट्ट्यात समांतर परवाना मागितला. त्याविरोधात वीज कर्मचाऱ्यांनी ४ जानेवारी २०२३ पासून संप पुकारला; सरकारशी चर्चेनंतर तो त्याच दिवशी मागे घेतला गेला. या पट्ट्यातील मोठे ग्राहक गेले, तर ग्रामीण आणि कृषी ग्राहकांचा भार कोण उचलणार, ही त्यांची चिंता उपनगरांतल्या जुन्या वादाचीच पुढची पायरी आहे.

दरम्यान, ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेल्या वीज कायदा दुरुस्ती विधेयकात एकच जाळे अनेक कंपन्यांना वापरता यावे, अशी तरतूद होती. ते मंजूर झाले नाही, पण कल्पना मागे पडलेली नाही. त्यात रस्ता दुसऱ्यांदा खोदण्याचा खर्च वाचतो. परंतु तारांची दुरुस्ती कोणी करायची, नव्या गुंतवणुकीला मंजुरी कोणत्या निकषावर द्यायची आणि क्रॉस सबसिडीचा भार कसा वाटायचा, हे आधी ठरावे लागेल. मुंबईत ग्राहकाला कंपनी निवडण्याचा पर्याय आधी मिळाला आणि हे नियम नंतर, एकेका खटल्यातून ठरत गेले. त्या खटल्यांचा खर्चही अखेर वीजदरातूनच निघतो.