चुंबक अशक्त करा, ट्रॅक्टर पळेल

विजेच्या मोटरचं चुंबक कमजोर केलं तर ती मंदावेल, असंच कुणालाही वाटेल. पण ती उलट जोरात फिरते! जनरल इलेक्ट्रिकने 1969 मध्ये अमेरिकी घरांच्या बागांसाठी ‘इलेक-ट्रॅक’ हा बॅटरीवरचा ट्रॅक्टर आणला. त्याच्या बड्या मॉडेलांनी चढत्या वेगासाठी हीच करामत वापरली.

फिरणारी मोटर त्याच वेळी थोडीशी जनित्रही असते. ती उलट दिशेचा विद्युतदाब तयार करते आणि बॅटरीकडून येणारा प्रवाह अडवते. चुंबक अशक्त झालं की हा अडसर कमी होतो, प्रवाह वाढतो, आणि अडसर पुन्हा भरून निघेपर्यंत मोटर वेग घेत राहते. फुकट काहीच नाही अर्थात: वेग वाढतो तसा दर अँपिअरमागे मिळणारा जोर घटतो. म्हणून बर्फ लोटताना चुंबक पुरतं सशक्त हवं.

ऊर्जेचा साठा म्हणजे गोल्फच्या गाड्यांत असतात तशा सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, एकूण 36 व्होल्ट. वजन दीडशे किलोंहून जास्त. पण ट्रॅक्टरला ते ओझं नव्हे, चाकांची पकड. गवत कापणाऱ्या पात्यांना स्वतंत्र मोटरी होत्या. त्याच बॅटऱ्यांवर करवत चाले, वेल्डिंगसुद्धा!

जनरल इलेक्ट्रिकने सत्तरच्या दशकाच्या मध्यावर हा धंदा सोडला. ट्रॅक्टर मात्र मागे उरले, कारण कार्बन ब्रश आणि बेअरिंगं बदलत राहिलं तर अशी मोटर दशकानुदशकं चालते. मग त्यांच्या जुन्या दुरुस्तीच्या पुस्तकाच्या पुनर्मुद्रणाला गिऱ्हाईक का असू नये? पेट्रोलचं इंजिन आजारी पडलं की धूर सोडतं, खोकतं, वास मारतं. हा ट्रॅक्टर बिघडला की मुका. रिलेचा संपर्क जळलाय की जोडणीवर हिरवट गंज चढलाय, हे बाहेरून कळत नाही. हातात मीटर आणि समोर वायरिंगचा नकाशा, एवढ्यावरच शोध लागतो.

त्यामुळे पुनर्मुद्रणात मुखपृष्ठ धुरकट आलं तरी चालेल, नकाशा चालणार नाही. तो मोठा, घडीचा कागद असेल तर शाई उडते ती नेमकी घडीवर. एक बारीक रेघ गेली की एक तारच गेली. म्हणून शक्य तर दोन मूळ प्रती ताडून पाहाव्यात, आणि काटकसरीपायी नकाशा लहान पानात कोंबू नये. छापायचा हक्क कुणाकडे आहे, हेही आधी तपासावं. बांधणी स्पायरलची बरी. पुस्तक बॉनेटवर सपाट उघडं राहतं, आणि दुरुस्ती करणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे हवेतच.

पुस्तकाच्या विक्रीतली खरी मेख मॉडेलची. ई-8, ई-12, ई-15, ई-20 ही नावं भावंडांसारखी, पोटातली जोडणी वेगवेगळी. ई-12 मध्येसुद्धा एम आणि एस असे प्रकार. पैशांआधी मॉडेल क्रमांक विचारणारा विक्रेता माझ्या मते भरवशाचा. आता काही जण लेड-अॅसिडऐवजी लिथियम बॅटरी बसवतात. अशा बॅटऱ्यांना जुन्या चार्जरचे आकडे लागू नाहीत. तसं वेगळ्या चिठ्ठीवर छापून आत ठेवावं. मूळ पानं मात्र तशीच राहू द्यावीत, कारण बॅटरी बदलली तरी रिले अजून जुनेच असतात.