कुत्रा बिघडत नाही, शिकतो



आपल्याकडे एक म्हण आहे. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. माणसाच्या स्वभावाबद्दल ही म्हण खुशाल वापरा. पण खुद्द कुत्र्याच्या बाबतीत ती अर्धीच खरी आहे. शेपूट वाकडंच राहतं, वागणं मात्र बदलता येतं. कसं, ते आज समजून घेऊ.

आधी तक्रारींची यादी करू. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना ती पाठ असेल. बेल वाजली की घर डोक्यावर घेणं. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणं. आपण जेवायला बसलो की मांडीवर पंजा ठेवून मागत राहणं. चपला, सोफ्याचा कोपरा, रिमोट कुरतडणं. फिरायला नेलं की आपल्यालाच फरफटत नेणं. घरात एकटं ठेवलं की केकाटणं.

यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटते. पण रोज तेच झालं की नातेवाईक येणं टाळतात, शेजारी बोलेनासे होतात आणि घरातल्या घरात भांडणं लागतात. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, "बांधून ठेवा त्याला." आणि त्याच्यापुढची पायरी म्हणजे लांब नेऊन सोडून देणं. म्हणून हा विषय वाटतो तितका हलका नाही.

भिलाईतली खास अडचण

आपल्या भिलाईत या त्रासाला स्वतःचा रंग आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार झाला, १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि कारखान्याबरोबर सेक्टरांची टाउनशिप उभी राहिली. देशभरातून माणसं आली, त्यात विदर्भातून आलेली मराठी कुटुंबंही होती. अनेक क्वार्टरांना पुढे-मागे थोडी मोकळी जागा, कुंपण, पेरूचं नाहीतर आंब्याचं झाड. कुत्रा पाळायला सोयीचं वाटावं असंच घर.

पण कारखाना पाळ्यांमध्ये चालतो. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपतो आणि नेमका त्याच वेळी शेजारचा कुत्रा दूधवाला, भाजीवाला, कचऱ्याची गाडी, सगळ्यांवर भुंकत असतो. ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याचीही पाळी बदलत राहते. कुत्र्याला फिरवण्याची वेळ आज सकाळी, पुढच्या आठवड्यात संध्याकाळी, तर कधी नाहीच. कुत्र्याला घड्याळ कळत नाही, पण दिनक्रम पक्का कळतो. तो मोडला की त्याची बेचैनी वाढते.

जे फळतं ते टिकतं

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कुत्रा त्रास देतो तेव्हा आपण म्हणतो, हा हट्टी आहे, मुद्दाम करतो, सूड घेतो. प्रत्यक्षात गोष्ट सोपी आहे. ज्या वागण्यातून काहीतरी मिळतं, ते वागणं टिकतं.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांना पेटीत ठेवून केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कळ दाबली किंवा दोरी ओढली की पेटीचं दार उघडायचं आणि बाहेर खाणं मिळायचं. मांजर आधी ओरबाडायचं, धडपडायचं आणि कधीतरी योगायोगाने कळ दाबली जायची. पुन्हा पुन्हा तसं झाल्यावर बाकीची धडपड गळून गेली, उपयोगी हालचाल तेवढी उरली. कुणी शिकवलं नव्हतं. परिणामाने शिकवलं.

आता हेच आपल्या दारात बघा. कुरिअरवाला येतो. कुत्रा भुंकतो. कुरिअरवाला पाकीट देऊन निघून जातो. तो जाणारच होता, हे आपल्याला ठाऊक आहे. कुत्र्याच्या हिशेबात मात्र, "मी भुंकलो आणि तो पळाला." रोज दोन-चार वेळा त्याचा विजय होतो. मग तो भुंकणं का सोडेल?

आपण त्याच्यावर ओरडतो, तेव्हा तर आणखी गंमत होते. शब्द त्याला कळत नाहीत. त्याला दिसतं एवढंच, की बेल वाजल्यावर घरातली सगळीच मंडळी आवाज करू लागली.

कधीतरीच मिळणारी पोळी

"आम्ही तर त्याला ताटातलं कधीच देत नाही," असं सांगणाऱ्या घरात आजी हळूच पोळीचा तुकडा खाली सोडत असते. दहा वेळा नाही आणि अकराव्या वेळी हो. आपल्याला वाटतं, इतकं कमी दिलं तर सवय कशी लागेल? उलट याच पद्धतीने ती घट्ट बसते. बी. एफ. स्किनर या शास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झालं. दर वेळी बक्षीस मिळत असेल तर ते बंद झाल्यावर प्राणी तुलनेने लवकर थांबतो. कधी मिळतं, कधी नाही, असं असेल तर तो खूप वेळ प्रयत्न करत राहतो. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस हेच करतो.

म्हणून पहिला नियम कुत्र्यासाठी नाही, घरच्यांसाठी आहे. सगळ्यांचं एकच उत्तर हवं. बाबा सोफ्यावरून हाकलतात आणि मुलगी सोफ्यावर कुशीत घेते, अशा घरात कुत्रा गोंधळणारच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बक्षीस बंद केलं की त्रास आधी वाढतो, मग कमी होतो. लिफ्ट आली नाही तर आपणही बटण आणखी जोरात, चार वेळा दाबतो ना? तसंच. कुत्रा जास्त भुंकेल, जास्त मागेल. नेमक्या त्याच क्षणी कंटाळून पोळी दिली, तर त्याला समजतं की जोर लावला की मिळतं.

"मालक कोण" हे दाखवायचं का?

अनेकजण सल्ला देतात, कुत्र्याला दाबून ठेवा, मान धरा, पाठीवर पाडा, म्हणजे त्याला कळेल की घरातला म्होरक्या कोण. ही कल्पना लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास मांडला. एका जागी कोंडलेले ते लांडगे वर्चस्वासाठी झगडत. डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे हा विचार दूरवर पोचला. पण पुढे मेक यांनीच जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली लिहिलं की नैसर्गिक कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं, आई-वडील आणि त्यांची पिल्लं. तिथे आई-वडिलांना म्होरकेपण मारामारी करून मिळवावं लागत नाही.

मारल्याने कुत्रा शिकतो, पण भलतंच शिकतो. समजा, लहान मूल जवळ आल्यावर तो गुरगुरला आणि आपण त्याला फटका दिला. मूल आलं की फटका बसतो, एवढंच त्याच्या डोक्यात बसेल. शिवाय गुरगुरणं म्हणजे त्याने दिलेली सूचना असते, "मला हे नको आहे, दूर व्हा." ती सूचना मारून बंद केली तर पुढच्या वेळी तो न गुरगुरता थेट चावू शकतो. आणि भुंकणारा कुत्रा चावत नाही, या समजुतीवरही विसंबू नका. भुंकणारेही चावतात.

घरी आल्यावर कुरतडलेली चप्पल दिसली आणि कुत्रा मान खाली घालून बसला, तर आपण म्हणतो, "बघा, चूक कळतेय त्याला." अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगळंच दिसलं. कुत्र्याने खरंच काही केलं होतं की नाही, यावर तो अपराधी चेहरा अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसायचा. म्हणजे तो आपल्या रागाला घाबरतो. दोन तासांपूर्वीच्या चपलेशी त्याला या रागाचा संबंध जोडता येत नाही. शिक्षा असो की शाबासकी, ती एक-दोन सेकंदांत मिळाली तरच तिचा अर्थ लागतो.

मग करायचं काय?

आधी एक तपासणी. शांत कुत्रा अचानक चिडचिडा झाला असेल, तर पशुवैद्याकडे न्या. कान दुखत असेल, सांधे दुखत असतील, तर शिकवून उपयोग नाही.

दुसरं, त्याची रग जिरते आहे का ते बघा. माणसाने बहुतेक जाती कुठल्या ना कुठल्या कामासाठी घडवल्या. जर्मन शेफर्ड मेंढ्या राखायला, लॅब्रॉडर शिकारीत पडलेला पक्षी उचलून आणायला, आपला कारवान सशामागे धावायला. आपण मात्र पडदा बघून कुत्रा निवडतो. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' मधला टफी गाजला, पुढे मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग. कामच नसलेला कुत्रा स्वतःला काम शोधतो आणि ते काम म्हणजे आपला सोफा.

भिलाईचा उन्हाळा इथे आडवा येतो. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. डांबरी रस्त्यावर पंजे भाजतात. तेव्हा पहाटे आणि रात्री फिरवा. दुपारी घरातच डोक्याचं काम द्या. खाणं वाडग्यात ओतण्याऐवजी जुन्या कापडात गुंडाळून शोधायला लावा. वास घेत शोधण्यात कुत्रा चांगला दमतो. मनुके, कांदा आणि चॉकलेट मात्र बक्षीस म्हणून देऊ नका, ते कुत्र्याला विषारी ठरू शकतात. उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा किंवा पनीर चालेल.

आता तीन सवयी.

उड्या मारणं. पाहुण्याने पाठ फिरवायची, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. चारही पाय जमिनीवर आले की लगेच कौतुक. "खाली उतर" म्हणत ढकलणं हा त्याला खेळच वाटतो.

ओढणं. पट्टा ताणला की आपण जागच्या जागी थांबायचं. सैल झाला की चालायचं. पहिल्या दिवशी घरापासून कोपऱ्यापर्यंत जायला पंधरा मिनिटं लागतील. लागू द्या.

बेल. आपल्या बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. अगदी हळू वाजवा. तो शांत राहिला की तुकडा द्या, चटईवर बसला की आणखी एक. आवाज थोडा-थोडा वाढवा. बेल म्हणजे हल्ला, हे समीकरण पुसून बेल म्हणजे चटई, असं नवं लिहायचं. रोज पाच मिनिटं पुरतात, पण रोज.

पिल्लू आणणार असाल तर आणखी एक गोष्ट. स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ सालच्या त्यांच्या पुस्तकात दाखवलं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला जगाची ओळख सर्वांत सहज होते. आपल्याकडे लसी पूर्ण होईपर्यंत त्याला घरात कोंडतात. जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन स्कूटर, सायकल, टोपीवाला, काठीवाला माणूस, हे सगळं दाखवा. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकत घेऊ नका. २०१७ च्या नियमांनुसार ते विकायलाच मनाई आहे.

साखळी, शेजारी आणि कायदा

दिवसभर बांधलेला कुत्रा शांत होत नाही, उलट येणाऱ्या-जाणाऱ्यावर चवताळायला शिकतो. सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. दुसरीकडे, आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रेबीजची लस चुकवू नका. कुणाला चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, हळद-तिखट लावू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. लस दिलेला कुत्रा असला तरीही.

शेजारी तक्रार घेऊन आले तर वाद घालण्याआधी विचारा, "नेमका कोणत्या वेळी भुंकतो?" आपण घरात नसतो तेव्हाची माहिती त्यांच्याकडेच असते. काका रात्रपाळीवर असतील त्या आठवड्यात कुत्र्याला सकाळी रस्त्याकडच्या खोलीऐवजी आतल्या खोलीत ठेवलं, तरी निम्मं भांडण मिटतं.

शेवटी निवृत्त होणाऱ्या मंडळींशी थोडं. अंगणाच्या क्वार्टरमध्ये आठ वर्षं राहिलेला कुत्रा एकदम चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेला की भुंकतो, घरात घाण करतो, दार ओरबाडतो. तो बिघडलेला नसतो, त्याला नव्या घराचे नियम कुणी सांगितलेले नसतात. जायच्या दोन-तीन महिने आधीपासून त्याला ठरलेल्या वेळी बाहेर नेण्याची, घरात थोडा-थोडा वेळ एकटं राहण्याची, जिना-लिफ्टची सवय लावा. सोसायटीने कुत्राच नको म्हटलं, तर त्यांना अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या मार्गदर्शक सूचना दाखवा. पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. जुन्या सेक्टरमध्ये "कुणीतरी खायला देईल" म्हणून त्याला मागे ठेवून जाऊ नका. आयुष्यभर दारावर बसून त्याने एकच गोष्ट शिकलेली असते, की संध्याकाळी आपली माणसं परत येतात.

आजपासून एक करा. एक वही घ्या आणि आठवडाभर लिहा, कुत्र्याने काय केलं आणि त्यानंतर लगेच त्याला काय मिळालं. आठव्या दिवशी वही वाचलीत की कुणी कुणाला काय शिकवलं, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.