आठवणीवर नको, वहीवर

गेल्या रमजानमध्ये जकातीचा हिशेब करायला बसलो. त्याआधीच्या वर्षीची 9,000 रुपयांची जकात पूर्ण दिल्याचे मला पक्के आठवत होते. पत्नीने कपाटातून जुनी डायरी काढली. माझ्याच अक्षरात नोंद होती: दिले 6,500, बाकी नंतर. ते 'नंतर' कधी आलेच नव्हते. मी खोटे बोलत नव्हतो. आठवणच माझ्या बाजूने बोलत होती.

मानसशास्त्राला हा प्रकार ठाऊक आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठातील रायन कार्लसन, मॉली क्रॉकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात पाच प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. काही रक्कम स्वतःत आणि अनोळखी माणसात वाटायची, मग किती दिले ते आठवायचे. हात आखडता घेतलेल्यांना आपण दिले त्याहून जास्त दिल्याचे आठवू लागले. स्वतःच्याच न्यायाच्या मापात जे कमी पडले होते, त्यांच्यात हे विशेष दिसले. मात्र 'इतकेच द्या' असे दुसऱ्याने सांगितले, तेव्हा असा फरक पडला नाही. कमीपणा आपल्या निर्णयाचा असला, की स्मृती त्यावर पांघरूण घालते.

म्हणूनच जकात अंदाजावर सोडलेली नाही. निसाब म्हणजे ठरलेल्या मर्यादेइतकी संपत्ती चांद्रवर्षभर राहिली, तर बचतीतून अडीच टक्के काढायचे. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकरातील 282 वी, उधारीचा व्यवहार साक्षीदार ठेवून लिहून काढण्याविषयी आहे. आपल्या मुरगूडच्या पेठेतला व्यापारीही दिवाळीला वहीचेच पूजन करतो. दोन्हीकडच्या जाणत्यांनी माणसाचा स्वभाव ओळखला होता.

राहिलेली जकात वर्ष उलटले म्हणून माफ होत नाही. ते 2,500 रुपये माझे नव्हतेच; कुणाच्या तरी घरातल्या ईदचे होते. ते आधी पोहोचवले, मग नवा हिशेब मांडला.

रोजा असो वा नसो, एका संध्याकाळी प्रत्येकाने वही उघडावी. कुणाचे देणे राहिले, कुणाला दिलेला शब्द राहिला, ते लिहावे. दुसऱ्यांकडून येणे असलेले आपल्याला न लिहिताही आठवते.