सोमवारी दुपारी ३ ते ५

अमेरिकेत सरकारी कागद मागण्याचा कायदा १९६६चा. आपला माहिती अधिकार कायदा २००५चा. तो १२ ऑक्टोबरला लागू झाला आणि देशातला पहिला अर्ज त्याच दिवशी पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात दाखल झाला.

साध्या कागदावर अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्रात विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांत. पुण्याने याहून सोपी वाट काढली. २००९मध्ये महापालिका आयुक्त महेश झगडे यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ फायली नागरिकांसाठी खुल्या केल्या. निविदा, मोजमाप पुस्तक, ठेकेदाराचं बिल समोर ठेवून वाचायचं. रस्त्यावर डांबर किती पडलं आणि बिल किती डांबराचं निघालं, हे मोजमाप पुस्तकाशिवाय कळत नाही. २०१८मध्ये राज्य सरकारने हीच पद्धत जिल्हास्तरापर्यंतच्या कार्यालयांना लागू केली.

मार्च २०२२मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे राहिला. सभागृहात प्रश्न विचारणारं कुणी नसताना फाईल पाहण्याचा हक्क फार मोलाचा ठरतो. तळेगावच्या सतीश शेट्टींनी याच हक्काच्या जोरावर जमिनीचे गैरव्यवहार उघडे पाडले; १३ जानेवारी २०१० रोजी त्यांचा खून झाला.

तुमच्या गल्लीतल्या रस्त्याची फाईल एकदा तरी मागून वाचा.