बरणीतली माती

माकणीच्या काळ्या रानातली मूठभर माती हातात घ्या. ती गप्प दिसते, पण ती जिवंत आहे. डोळ्यांना न दिसणारे अगणित जीव तिच्यात राहतात. ते खातात आणि श्वासही सोडतात.

ते खातात काय? पालापाचोळा, मुळ्या, शेण. या सगळ्यांत कर्ब असतो. लाकडाचा कोळसा होतो, तो बहुतेक कर्बच. पालापाचोळा कुजून मातीत मुरतो, त्यातल्या कर्बाला सेंद्रिय कर्ब म्हणतात. तो माती भुसभुशीत ठेवतो, ओल धरून ठेवतो.

माती काळी म्हणजे कर्ब भरपूर, असं आपण समजतो. ते खरं नाही. मराठवाड्यातल्या पुष्कळ काळ्या रानांत 100 किलो मातीमागं अर्धा किलोसुद्धा सेंद्रिय कर्ब नसतो.

मग तो जातो कुठं? हे प्रयोगशाळेत पाहतात. थोडी ओली माती बरणीत घालून झाकण घट्ट लावतात. बरणी काही आठवडे, कधी काही महिने, सारख्या उबेत ठेवतात. जीव कर्ब खातात आणि कर्बवायू सोडतात. आत ठेवलेलं औषध तो वायू शोषतं. त्यावरून किती कर्ब खर्ची पडला, त्याचा हिशेब लागतो.

हे घरीही दिसतं. चुना पाण्यात कालवा, वरची निवळी दोन वाट्यांत घ्या. एक वाटी ओल्या मातीच्या बरणीत ठेवा, दुसरी रिकाम्या बरणीत. दोन्ही बरण्या घट्ट झाका. काही दिवसांनी मातीच्या बरणीतल्या निवळीवर जास्त पांढरी साय धरते. तो मातीचा श्वास! (निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका.)

बरणीतून तीन गोष्टी कळतात. ऊब वाढली की खर्च वाढतो. वाळलेली माती भिजली की श्वास एकदम जोरात चालतो. उन्हाळ्यानंतर पहिल्या पावसात आपल्या रानात हेच घडतं. तिसरी गोष्ट: नवा पाला घातला नाही, तर साठा घटतच जातो.

पाला घातला, तर त्यातलाही बराच कर्ब वायू होऊन जातो. थोडाच मातीत मुरतो. म्हणून एकदा खत घालून भागत नाही, दरसाल घालावं लागतं.

आणि आपण काय करतो? सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट पेटवून देतो. जे मातीतल्या जिवांनी महिनोन्‌महिने खाल्लं असतं, ते घटकाभरात धूर होऊन जातं. तेरणेच्या धरणाचं पाणी मिळालं, तरी उपाशी माती नुसत्या पाण्यावर किती दिवस काढील?

तेव्हा पाचट सरीत पसरा. भुसकट जनावरांनी खाऊन उरलं, तर शेणासंगं खड्ड्यात कुजवा. कच्चं भुसकट पेरणीच्या तोंडावर गाडू नका. ते कुजवताना जीव मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं.

दर दोन-तीन वर्षांनी माती तपासून घ्या. कागदावर सेंद्रिय कर्बाचा आकडा असतो, तो स्वतः वाचा. मागच्या आकड्याशी ताडून पाहा. बैलाला वैरण घातल्याशिवाय आपण औताला जुंपत नाही. मातीलाही तिची वैरण द्या.