गोबर गॅस : बिनकामाच्या ज्योतीचा खर्च

गोबर गॅस संयंत्र जुने झाले की, पूर्वी दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला पुरणारा गॅस अपुरा पडू लागल्याची तक्रार ऐकू येते. शेण कमी पडले किंवा थंडी वाढली, असा निष्कर्ष अशा वेळी सहज काढला जातो. ही कारणे खरी असू शकतात. तथापि तयार झालेला गॅस काम न करताच निघून जात नाही ना, हे आधी पाहावयास हवे.

या नासाडीचे एक दुर्लक्षित कारण म्हणजे शेगडीवर तेवत ठेवलेली बारीक ज्योत. वारंवार काडी ओढावी लागू नये म्हणून ठेवलेली ही ज्योत क्षुल्लक वाटते. तिचा हिशेब मात्र क्षुल्लक नाही. नेहमीच्या घरगुती गोबर गॅस शेगडीस पूर्ण आचेवर ताशी सुमारे ०.४५ घनमीटर गॅस लागतो. बारीक ज्योत त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकाच गॅस घेते असे धरले, तरी २० तासांत ०.४५ घनमीटर गॅस जळतो. म्हणजे तासभर पूर्ण आचेवर चालणारी शेगडी फुकट गेली. एक घनमीटर गॅससाठी सुमारे २५ किलो ताजे शेण लागते. या मानाने सुमारे ११ किलो शेणाचा, म्हणजे एका मोठ्या जनावराच्या दिवसभराच्या शेणाचा गॅस या ज्योतीने खाल्ला. दोन घनमीटरच्या संयंत्रात ही घट जवळजवळ चौथा हिस्सा होय. शेणाचे खत वाया जात नाही, हे खरे. परंतु गेलेल्या गॅसच्या जागी सरपण आणावे लागते आणि ते कष्ट बहुधा घरातील स्त्रियांवर पडतात.

या ज्योतीत धोकाही आहे. वाऱ्याने किंवा उतू गेलेल्या दुधाने ती विझल्यास न जळलेला गॅस घरात साठतो. म्हणून काम संपताच शेगडीची तोटी व रात्री टाकीजवळची मुख्य तोटी बंद करावी. काडीचा खर्च या नासाडीपुढे अगदी अल्प आहे.

ज्योत बंद ठेवूनही गॅस अपुरा पडत असेल, तर गळती तपासावी. तरंगत्या टाकीच्या संयंत्रात ही परीक्षा सोपी आहे. रात्रीच्या स्वयंपाकानंतर टाकी खाली आलेली असताना मुख्य तोटी बंद करून टाकीवर खूण करावी आणि सकाळी ती किती वर चढली ते मोजावे. दुसऱ्या रात्री मुख्य तोटी उघडी ठेवून केवळ शेगडीची तोटी बंद करावी. दोन्ही दिवशी शेणाचे प्रमाण सारखे असावे. दुसऱ्या रात्रीची चढण स्पष्टपणे कमी भरल्यास नळीत, सांध्यांत किंवा शेगडीच्या तोटीत गळती आहे, असे समजावे. दोन्ही रात्री चढण कमीच असेल, तर टाकीचा पत्रा गंजून छिद्रे पडली आहेत काय, हे पाहावे.

गळतीची नेमकी जागा शोधण्यासाठी सांध्यांवर व तोट्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे उठतील तेथे गळती असते. पेटत्या काडीने गळती कधीही शोधू नये. घरात गॅसचा वास येत असल्यास प्रथम दारेखिडक्या उघडून मुख्य तोटी बंद करावी व वास जाईपर्यंत दिवा किंवा चूल पेटवू नये. चिरलेली रबरी नळी जोडत न बसता बदलावी.

ग्रामसेवकांनी संयंत्राची पाहणी करताना शेणाच्या हौदाबरोबरच स्वयंपाकघरातील शेगडीही पाहावी. संयंत्र मोठे करण्याचा खर्च सुचविण्यापूर्वी चालू तोटी नीट बंद होते की नाही, एवढे पाहणे अधिक किफायतशीर ठरते.