खुराक, डबा आणि किडनी

मुळशी तालुक्याला पैलवानकी नवी नाही. १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी करणारे मामासाहेब मोहोळ याच तालुक्यातल्या मुठा खोऱ्यातले. २०१७ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीचा आखाडा भूगावात भरला आणि किरण भगतला हरवून अभिजित कटकेनं गदा मिळवली. पोरगं तालमीत जायला लागलं की घरात दूध, तूप, बदाम, अंडी, मटण यांचा हिशेब सुरू व्हायचा. आता हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट या पट्ट्यात जिम झाल्या आणि खुराकाच्या जागी प्रथिन पावडरचा प्लास्टिकचा मोठा डबा आला. मुलगा शेकर हलवतो आणि आई काळजीनं विचारते, ‘ह्यानं किडनी जाते म्हणतात, खरं का रे?’

तिच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं. आपण खाल्लेल्या प्रथिनांतल्या नायट्रोजनचा यकृत युरिया बनवतं आणि किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. प्रथिनं वाढली की किडनी गाळण्याचा वेग वाढवते. निरोगी किडनीला हे पेलतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये २८ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत तेराशेहून अधिक निरोगी माणसं होती. जास्त प्रथिनं खाणाऱ्यांची गाळण्याची क्षमता घसरल्याचं त्यांना दिसलं नाही. मात्र असे अभ्यास बहुतेक काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे असतात. दहा-पंधरा वर्षं रोज तीन-तीन स्कूप घेणाऱ्याला त्यातून हमी मिळत नाही.

किडनी आधीच दुखावलेली असेल तर गोष्ट वेगळी. गाळण्याचे काही पुंजके निकामी झाले की उरलेल्यांवर जादा दाब येतो, आणि प्रथिनांचा मारा तो आणखी वाढवतो. अमेरिकेतल्या परिचारिकांवरच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. ज्यांची किडनी किंचित कमजोर होती, त्यांच्यात जास्त प्रथिनं खाणाऱ्यांची घसरण जास्त दिसली. निरोगी स्त्रियांत तसं दिसलं नाही. म्हणूनच किडनीविकार पुढे जाण्याचा धोका असलेल्यांनी वजनाच्या दर किलोमागे रोज १.३ ग्रॅमच्या वर जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचा सल्ला आहे.

खरी अडचण अशी की किडनी फार उशिरा तक्रार करते. निम्म्याहून अधिक काम बंद पडलं तरी माणूस जोर-बैठका मारत असतो. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असलेला, मुतखडा होऊन गेलेला, जन्मापासून एकच किडनी असलेला तरुण स्वतःला निरोगीच समजत असतो. धोका आहे तो त्याला.

दुसरा धोका डब्यात आहे, आणि माझ्या मते तो मोठा आहे. केरळमधल्या एका यकृततज्ज्ञाच्या गटानं भारतात विकले जाणारे ३६ प्रथिनपूरक तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. काहींत तर लिहिल्याच्या निम्मंच प्रथिन होतं. १४ टक्क्यांत बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं, ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश.

आकडा फुगवता येतो, कारण प्रयोगशाळेतली रूढ चाचणी थेट प्रथिनं मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब करते. स्वस्त अमिनो आम्ल मिसळलं तरी आकडा चढतो. याच पळवाटेनं २००८ मध्ये चीनमध्ये हाहाकार माजवला. पाणी घातलेल्या दुधात प्रथिनं भरपूर दिसावीत म्हणून नायट्रोजननं भरलेलं मेलामाइन हे रसायन मिसळलं गेलं. त्याचे खडे बाळांच्या किडनीत साचले. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सहा बाळं दगावली. त्या बाळांना प्रथिनांनी मारलं नव्हतं, प्रथिनांच्या खोट्या आकड्यानं मारलं होतं.

म्हणून सुटी पावडर, सील तुटलेला डबा, ‘इम्पोर्टेड’ म्हणून निम्म्या किमतीत मिळणारा माल घेऊच नये. डब्यावर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. तो त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. डब्यासोबत कुणी इंजेक्शन किंवा गोळ्या पुढे केल्या तर तिथून निघून यावं. स्टेरॉइडनं किडनीच्या गाळण्या कायमच्या खराब झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

कुस्तीच्या पोरांना आणखी एक सांगायचंय. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणं, जाड कपडे घालून पळणं आपल्याकडेही चालतं. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल असंच वजन उतरवताना महिनाभरात एकामागोमाग गेले. शरीरातलं पाणी आटलेलं, स्नायू फाटलेले, त्यात अंगदुखीची गोळी घेतलेली असेल, तर धडधाकट किडनीसुद्धा दोन दिवसांत बंद पडू शकते.

मग लागतं तरी किती? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हिशेबानं सर्वसाधारण माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या तरुणाला पन्नास ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये प्रथिन पावडरी टाळा असं स्पष्ट सांगितलं. व्यायाम करणाऱ्यालाही किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे जादा फायदा नाही, हेही नोंदवलं. म्हणजे त्याच तरुणाला फार तर ९६ ग्रॅम. एक लिटर दुधातून ३२, चार अंड्यांतून २४, शंभर ग्रॅम डाळ-कडधान्यातून २२ आणि दिवसभराच्या भात-भाकरीतून वीस-पंचवीस ग्रॅम मिळतात. शंभरी घरच्या ताटातच भरते. अंडी-दूध न खाणाऱ्याला किंवा दिवसभर कंपनीत अडकलेल्याला एखादा स्कूप सोयीचा पडेल, एवढंच त्याचं स्थान.

तपासणीबद्दलही एक खुलासा. क्रिएटिन हे जिममधलं पूरक घेणाऱ्याच्या किंवा भरदार स्नायूंच्या माणसाच्या रक्तात, किडनी तपासताना मोजतात ते क्रिएटिनिन थोडं जास्त दिसू शकतं आणि किडनी मात्र ठीक असते. तेव्हा काय काय घेतो ते डॉक्टरांपासून लपवू नका. शंका असेल तर ते सिस्टॅटिन-सी ही दुसरी चाचणी करायला सांगतील.

मुळशीतल्या वस्तादांना आणि जिमचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. पोराच्या हातात पहिला डबा देण्याआधी त्याचा रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन यांचे रिपोर्ट मागा. या तपासण्यांना लागणारा पैसा एका डब्याच्या किमतीपेक्षा कमीच असतो.